हूटर वाजतोय, पण चोर नाही: अलार्म पॅनेलमधला बिघाड कसा शोधायचा

काळबादेवीतल्या एका दुकानाचा हूटर जुलैमधल्या एका रात्री पावणेचारला वाजायला लागला. वरच्या मजल्यावरची बिऱ्हाडं उठली, कुणीतरी शेठना फोन केला, शेठ मुलुंडहून टॅक्सी करून आले. शटर जागेवर, कुलपं जागेवर, आत कुणी नाही. सकाळी नऊला मी पोचलो तेव्हा पॅनेल, म्हणजे सगळ्या सेन्सरच्या वायरी येऊन मिळतात तो डबा, शांत होतं. शेठ म्हणाले, "आता काही नाही, पोराने ठीक केलंय." कीपॅड पाहिला तर बायपासचा दिवा पेटलेला. दुकानातल्या पोराने फोनवर कुणाला तरी विचारून तीन नंबरचा झोन वगळून टाकला होता. तीन नंबर म्हणजे पुढचं शटर. त्या रात्री कुणी शटर उचकटलं असतं तरी पॅनेलने हूं की चूं केलं नसतं.

वीस वर्षं मुंबईत हे काम करतोय आणि सगळ्यात जास्त भीती मला याच गोष्टीची वाटते. बंद पडलेला अलार्म निदान बंद आहे हे कळतं. बायपास करून विसरलेला अलार्म मालकाला रात्री निर्धास्त झोपवतो. म्हणून खाली लिहिलेली प्रत्येक पायरी आवाज बंद करण्यासाठी नाही, बिघाड नेमका कुठे आहे तो पत्ता काढण्यासाठी आहे.

हात लावण्याआधी

रीसेट करू नका. आधी कीपॅडवर काय दिसतंय त्याचा फोटो काढा. मग पॅनेलची इव्हेंट लॉग, म्हणजे घटनांची नोंद उघडा. जवळजवळ प्रत्येक पॅनेलमध्ये ती असते. मास्टर कोड टाकून मेनूतून पाहता येते. कोणता झोन, किती वाजता, त्याच्या आधी काय झालं, हे कागदावर उतरवा. "झोन ३ अलार्म" ही ओळ एकटी फारसं बोलत नाही. पण तिच्या आधी तासाभरात "मेन्स फेल", "लो बॅटरी" अशा ओळी असतील तर गोष्टच वेगळी: लाइट गेली, बॅटरी बसली, व्होल्टेज खाली गेलं आणि सेन्सरने दम सोडला. अशा वेळी सेन्सर बदलून काहीही होणार नाही.

पॅनेलचं घड्याळ बरोबर आहे का तेही बघा. सीसीटीव्हीच्या वेळेशी ते जुळत असेल तर हूटर वाजला त्या मिनिटाचं चित्रण काढून पाहता येतं. मांजर होतं, उंदीर होता, की पडदा हलला, हे पाच मिनिटांत कळतं. दोन्ही घड्याळांत वीस मिनिटांचा फरक असेल तर तुम्ही तास घालवाल.

अलार्म एखाद्या मॉनिटरिंग सेंटरला जोडलेला असेल तर त्यांना फोन करून चाचणी सुरू आहे असं सांगा. शेजाऱ्यांना आणि वॉचमनलाही सांगा. चाळीत किंवा बाजारपेठेत दुपारी न सांगता हूटर वाजवला की लोक धावत येतात. दोनदा तसं झालं की तिसऱ्यांदा कुणीच येत नाही, आणि ते नुकसान मोठं आहे.

सोबत काय हवं? डिजिटल मल्टिमीटर, बारीक स्क्रू-ड्रायव्हर, टेस्टर, टॉर्च, क्लिप लावलेल्या दोन जंपर वायरी, खात्रीची एक चार्ज केलेली बॅटरी, मार्कर पेन आणि थोडे रेझिस्टर. हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एका फेरीत मिळतं.

आधी वीज, मग बाकीचं

माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी इथेच संपतात, म्हणून सेन्सरकडे धावण्याआधी पॅनेलचा डबा उघडा. झाकणाला टॅम्पर स्विच असतो, कुणी डबा उघडला की तो पॅनेलला कळवतो. सिस्टीम डिसआर्म, म्हणजे पहाऱ्यावरून उतरवलेली असली तरी काही पॅनेलवर झाकण उघडताच हूटर वाजतो, त्यामुळे आधी पॅनेल सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या सेटिंगवर न्या.

डब्यात २३० व्होल्टची वायर येते. एमसीबी बंद करा आणि टेस्टर दोन्ही वायरींना लावून बघा. गिरगाव, लालबाग, मस्जिद बंदरच्या जुन्या इमारतींत फेज-न्यूट्रल उलटे झालेले मी कितीदा तरी पाहिलेत. स्विच बंद करूनही फेज जिवंत राहतो. याबद्दल जरा जरी शंका असेल तर वायरमनला बोलवा.

मेन्स सुरू करून मोजायच्या गोष्टी तीन. पहिली, ट्रान्सफॉर्मरमधून बोर्डाला येणारं एसी व्होल्टेज. ते बहुतेक पॅनेलवर १६ ते १८ च्या आसपास असतं, नेमका आकडा बोर्डावर छापलेला असतो. काहीच येत नसेल तर आधी फ्यूज पाहा. दुसरी, बॅटरीच्या वायरी काढून त्या वायरींच्या टोकाला येणारं चार्जिंगचं डीसी व्होल्टेज; ते साधारण १३.५ ते १३.८ हवं. काही नवे बोर्ड बॅटरी जोडल्याशिवाय चार्जिंग देतच नाहीत, तिथे बॅटरी जोडूनच मोजा. तिसरी, 'ऑक्स' लिहिलेल्या टर्मिनलवरचं व्होल्टेज, ज्यावर सेन्सर चालतात.

बॅटरीबद्दल थोडं थांबून सांगतो. पॅनेलमध्ये बहुतेक करून १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. नुसतं मीटर लावून १२.७ दिसलं की लोक खूश होतात. पण म्हातारी बॅटरीही भार नसताना छान आकडा दाखवते. तिच्यावर भार पडला की खरं रूप कळतं. म्हणून मेन्स बंद करा, हूटर एक मिनिट वाजू द्या आणि त्या वेळी मीटर बॅटरीवरच ठेवा. १२ च्या वर टिकली तर चांगली. बघता बघता ११.५ च्या खाली उतरली तर बदला, उद्यावर ढकलू नका. अशी बॅटरी तीन ते पाच वर्षं चालते म्हणतात, पण लेड-ॲसिडचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. आपल्याकडे पॅनेल कुठे असतं? पोटमाळ्यावर, पत्र्याखाली, बंद कपाटात. तिथे मे महिन्यात हात ठेववत नाही. अशा जागी दोन वर्षांनंतर बॅटरीवर भरवसा ठेवू नये. नवी बसवताना तिच्यावर मार्करने तारीख लिहा. लाल-काळी वायर उलटी लागली तर फ्यूज उडेल, कदाचित बोर्डही जाईल. फुगलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नका, नवी घेताना दुकानदाराला परत द्या.

बॅटरी जोडूनही पॅनेल सुरू झालं नाही तर घाबरू नका. मेन्सशिवाय नुसत्या बॅटरीवर सुरूच न होणारे बोर्ड बरेच आहेत. मेन्स द्या आणि मग ठरवा.

झोनची वायर: खरा तपास इथे

झोन म्हणजे पॅनेलमधून निघून सेन्सरपर्यंत जाऊन परत येणारी दोन वायरींची वाट. तिच्या शेवटी एक छोटा रेझिस्टर असतो, त्याला आम्ही ईओएल म्हणतो. पॅनेल सतत त्या रेझिस्टरची किंमत वाचत असतं. ठरलेली किंमत दिसली की सगळं ठीक. वाट तुटली की किंमत अनंत होते, वायरी एकमेकींना चिकटल्या की शून्याजवळ येते. दोन्ही वेळा पॅनेलला कळतं.

किंमत कंपनीप्रमाणे बदलते, म्हणून मॅन्युअल पाहा किंवा रेझिस्टरचे पट्टे वाचा: लाल-लाल-लाल म्हणजे २.२ किलोओम, पिवळा-जांभळा-लाल ४.७, हिरवा-निळा-लाल ५.६, तपकिरी-काळा-लाल १ किलोओम. एका कंपनीचं पॅनेल काढून दुसरीचं बसवलं आणि जुने रेझिस्टर तसेच ठेवले, तर सगळे झोन एकदम उघडे दिसतात. नवीन पॅनेल खराब निघालं म्हणून परत पाठवणारे लोक मी पाहिलेत. दोष दोन रुपयांच्या रेझिस्टरचा होता.

आता मोजणी. पॅनेलची वीज पूर्ण बंद करा, बॅटरीही काढा. चालू सर्किटवर ओम मोजू नका, आकडा खोटा येतो. तक्रार असलेल्या झोनच्या दोन्ही वायरी टर्मिनलमधून सोडवा आणि दारं-शटर बंद असताना त्यांच्यामध्ये मीटर लावा.

२.२ चा रेझिस्टर असेल तर २.२ किंवा किंचित जास्त आकडा यावा आणि तो स्थिर राहावा. अनंत आला तर वायर तुटलीय, स्क्रू सुटलाय किंवा सेन्सर उघडा आहे. शून्याजवळ आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. खिळा ठोकलेला असतो, वायरिंगच्या पट्टीच्या झाकणात वायर चेपलेली असते, किंवा उंदराने दोन्ही वायरी सोलून ठेवलेल्या असतात. आकडा असायला हवा त्यापेक्षा कमी आणि हलता असेल, तर दोन वायरींमध्ये ओल शिरली आहे. पाणी रेझिस्टरला समांतर दुसरी वाट करून देतं. जास्त आणि हलता असेल, तर एखाद्या जोडाला कार्बन आलाय. हा फरक लक्षात ठेवलात तर अर्धा शोध टेबलावर बसूनच होतो.

काळबादेवीच्या झोनवर मला १.४ दिसलं. बघत राहिलो तर १.१ वर गेलं, मग पुन्हा १.६. म्हणजे पाणी.

आकडा अगदी बरोबर आणि स्थिर आला आणि तरी पॅनेल तक्रार करत असेल, तर अदलाबदल करा. झोन ३ च्या वायरी झोन ४ च्या टर्मिनलला लावा आणि ४ च्या ३ ला. दोन्ही झोनची सेटिंग आणि रेझिस्टर सारखे असायला हवेत. तक्रार वायरींबरोबर चारवर गेली तर दोष बाहेर आहे. तीनवरच राहिली तर बोर्डाचं ते टर्मिनल गेलंय. बोर्डाला दोष देण्याआधी ही एक गोष्ट करा, बोर्डाचे हजारो रुपये वाचतात.

एका झोनवर पाच-सहा सेन्सर ओळीने जोडलेले असतील तर पहिल्यापासून एकेक तपासत बसू नका. मधल्या सेन्सरपाशी जा, तिथे जंपर लावून पुढचा भाग तोडा आणि पॅनेलच्या बाजूने मोजा. अर्धी वाट निर्दोष ठरली की उरलेल्या अर्ध्याच्या मधोमध जा. सहा सेन्सरमधला दोषी दोन-तीन मोजण्यांत सापडतो.

आणखी एक पाहाच: तो रेझिस्टर आहे कुठे? वायरीच्या शेवटी, सेन्सरच्या आतच तो असायला हवा. कित्येक ठिकाणी घाईत बसवणाऱ्याने तो पॅनेलच्या डब्यात टर्मिनललाच लावून टाकलेला असतो. मग बाहेर दोन वायरी कुणी जोडून टाकल्या, तर पॅनेलला ते कधीच कळणार नाही; शटर उघडलं तरी सगळं बंद आहे असंच दिसेल. असा रेझिस्टर दिसला की त्याच दिवशी शेवटच्या सेन्सरमध्ये हलवा.

सेन्सरचे स्वभाव

शटरचा किंवा दाराचा सेन्सर म्हणजे चुंबक आणि त्याच्यासमोर रीड स्विच. साध्या स्विचला दीड-दोन सेंटीमीटरपर्यंतचं अंतर चालतं, आणि लोखंडावर बसवला की ते बरंच घटतं. म्हणून रोलिंग शटरला जाड, धातूच्या आवरणातला सेन्सरच हवा. शटर रोज आदळून वाकतं, पट्टी सरकते, चुंबक बोटभर बाजूला जातो. मग वाऱ्याने शटर थरथरलं तरी झोन उघडतो. पावसात लाकडी दारं फुगतात, तिथेही हेच. तपासायला शटर बंद करून हाताने जोरात हलवा आणि मीटरकडे लक्ष ठेवा.

हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर उष्णतेतला बदल पाहतो. समोरून एसीचा झोत, ऊन पडणारी खिडकी, हलणारा पडदा, देवघरातला दिवा असेल तर तो फसतो. माणूस सरळ त्याच्याकडे चालत आला तर उशिरा ओळखतो, आडवा गेला तर लगेच. म्हणून दाराच्या समोर लावण्यापेक्षा कोपऱ्यात, सव्वादोन मीटरच्या आसपास उंचीवर लावावा. काचेपलीकडचं त्याला दिसत नाही. एक गोष्ट मुंबईत फार महत्त्वाची आहे. खोलीचं तापमान माणसाच्या अंगाइतकं झालं की सेन्सरला माणूस आणि भिंत यांतला फरक कळेनासा होतो. एसी चालू असताना केलेली चाचणी म्हणूनच पुरेशी नाही. मे महिन्यात दुकान बंद करून, एसी बंद ठेवून, तासाभराने आत चालून पाहा. सेन्सरला वीज दिल्यावर मिनिटभर स्थिर होऊ द्या, मग वॉक टेस्ट लावा, म्हणजे समोरून चालून तो ओळखतो का ते पाहा.

पीआयआर कारण नसताना वाजत असेल तर तो उघडून आत टॉर्च मारा. दादरच्या एका पहिल्या मजल्यावरच्या क्लासमध्ये आठवड्यातून दोनदा अलार्म व्हायचा. सेन्सर उघडला तर बोर्डाच्या मागे पालीची दोन पांढरी अंडी होती, वाटाण्याएवढी. वायर आत येते ते भोक उघडं राहिलं होतं. अंडी काढून कुंडीत ठेवली, भोक सिलिकॉनने बुजवलं, त्यानंतर तिथून तक्रार आली नाही. मुंग्या, झुरळं, कोळ्याची जाळी यांच्यासाठीही उपाय हाच.

शटरला किंवा तिजोरीला लावलेला कंपनाचा सेन्सर मेट्रोच्या किंवा पायलिंगच्या कामाजवळ रात्रभर छळतो. संवेदनशीलता थोडी थोडी कमी करा, आणि प्रत्येक वेळी हातोडीने ठोकून अजून वाजतो ना ते पाहा. स्क्रू पार तळाला नेऊन ठेवला तर तो सेन्सर फक्त शोभेला उरतो.

लांबच्या सेन्सरवर पोचणारं व्होल्टेज तिथेच, सेन्सरच्या टर्मिनलवर मोजा. पॅनेलमध्ये १३ दिसतं, पण बारीक वायर आणि मधले चार जोड यांमुळे शेवटी १० च राहतं आणि लाइट गेल्यावर तेही घसरतं.

बिनतारी सेन्सर असतील तर आधी सेल बदला, तोही चांगल्या कंपनीचा आणि नवीन तारखेचा. मग सेन्सर आणि पॅनेल यांच्यामध्ये लोखंडी कपाट, आरसा किंवा जाड भिंत नव्याने आली आहे का ते पाहा.

हूटर आणि संदेश

हूटर वाजत नसेल तर त्याच्या वायरी काढून थेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावून बघा. कानात कापूस घाला. तिथे वाजला तर दोष वायरीत किंवा पॅनेलच्या आउटपुटमध्ये आहे. बाहेरच्या काही हूटरमध्ये स्वतःची बॅटरी असते आणि पॅनेलकडून येणारी वायर तुटली की तो मुद्दाम वाजतो. शिडीवर चढण्याआधी हे माहीत असू द्या, दचकून पडणारे लोक आहेत. बाहेरच्या हूटरच्या वायरीला आत शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून ओघळून डब्यात जाणार नाही.

हूटर वाजला पण फोन आलाच नाही, ही तक्रार वाढते आहे. जीएसएमवाल्या पॅनेलमधलं सिम काढून साध्या मोबाइलमध्ये घाला. बॅलन्स संपलेला असतो, वैधता संपलेली असते, किंवा सिमला पिन लावलेला असतो. जुन्या पॅनेलमधला मॉड्यूल बहुधा फक्त टूजीवर चालतो. जिओचं टूजी नेटवर्क नाही, त्यामुळे त्यात जिओचं सिम चालत नाही. वायफायवाली पॅनेलं बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच जोडली जातात, नवा राउटर बसवला की तुटतात. आणि राउटरला बॅकअप नसेल तर लाइट गेल्याबरोबर ॲपही गेलं. एमटीएनएलच्या तांब्याच्या लाइनवर चालणारा डायलर, म्हणजे आपोआप फोन लावणारं यंत्र, फायबर घेतल्यावर चालेलच असं नाही, लाइन बदलली की त्याच दिवशी चाचणी घ्या.

सगळं तांत्रिक ठीक असूनही फोन येत नसेल तर पॅनेलमध्ये भरलेले नंबर मोठ्याने वाचा. त्यातला पहिला नंबर नोकरी सोडून गेलेल्या मॅनेजरचा निघतो. कोडही तेव्हाच बदला. १-२-३-४ हा कारखान्यातून आलेला कोड अजून चालू असलेली दुकानं मी दर महिन्याला पाहतो.

सोसायटीतलं आगीचं पॅनेल वेगळं. तिथे लूप सोडवणं, डिटेक्टर काढणं हे स्वतः करू नका. कोणता डिटेक्टर, कोणता मजला एवढं लिहून घ्या आणि परवानाधारक एजन्सीला बोलवा; तीच दर जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र देते.

काळबादेवीचं शटर

दुपारपर्यंत मी वायर मागे मागे तपासत उंबरठ्यापाशी आलो. फरशीच्या सांध्यात वायरिंगची पट्टी होती, तिच्या आत काळ्या टेपने गुंडाळलेला एक जोड. टेप सोडवली तर ती चिकट, आतून पाणी आलं, आणि तांब्यावर हिरवा थर. पावसाचं पाणी उंबरठ्यावर साचायचं, रात्रभरात आत झिरपायचं, म्हणून अलार्म पहाटे वाजला.

दोन्ही बाजूंनी तांबं चकचकीत लागेपर्यंत वायर कापली, नव्या तुकड्याने जोड तीन फूट वर भिंतीवर नेला, झाळ मारली, हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी चढवली, छोट्या बंद डब्यात ठेवला. मीटरवर २.२ आलं. पोराला सांगितलं, "बादली घेऊन ये, उंबरठ्यावर ओत." त्याने दोन बादल्या ओतल्या. दहा मिनिटं मी आकड्याकडे बघत बसलो, तो हलला नाही.

बायपास काढला. झाकणाच्या आत तारीख, झोन आणि २.२ असं लिहिलं. मग सिस्टीम लावून शेठना म्हटलं, "आता तुम्ही स्वतः शटर वीतभर उचला." त्यांनी उचललं, हूटर वाजला, आणि त्यांच्या खिशातला फोनही.